नाव मोकळं आहे का?

हैदराबादेत कोठीला आमच्या दुकानाचा जिना उभा आणि अरुंद होता. वर येणारं गिऱ्हाईक आधी धाप टाकायचं, मग पाणी मागायचं आणि मग विचारायचं, "मॅडम, मेरा नाम है क्या?" बाहेरच्याला वाटावं, इथे कसला तरी निकाल लागलाय. प्रत्यक्षात त्याला एवढंच हवं असायचं की आपल्या धंद्याचं नाव इंटरनेटवर अजून मोकळं आहे, की कुणी घेऊन टाकलंय.

माझं नाव प्रज्ञा. तारनाक्याला राहते. डोमेन म्हणतात ती नावं शोधून द्यायची आणि नोंदवून द्यायची, हे माझं काम. या अंकाच्या संपादकांनी कामाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आई, तू दिवसभर बसून टाइप करतेस. त्यात लिहायचं काय?" तिचं मराठी वाचन लग्नपत्रिकांपुरतं आहे. ती हे वाचणार नाही, या भरवशावर लिहिते.

आमच्या धंद्यातली पहिली गंमत अशी की हे नाव कुणालाच विकत मिळत नाही. ते भाड्यानं मिळतं. वर्षाचं भाडं भरलं की तेवढं वर्ष ते तुमचं. दुसरी गंमत म्हणजे ते साऱ्या जगात एकालाच मिळतं. मलकपेठेत एकाच गल्लीत दोन 'न्यू फॅशन टेलर्स' सुखानं नांदतात. इंटरनेटवर तसं चालत नाही. पहिला आला त्याचं नाव, दुसऱ्यानं शेपूट जोडायचं. कुणी पुढे 'हैदराबाद' लावतो, कुणी मध्ये आडवी रेघ घालतो. स्पेलिंगचा घोळ तर विचारू नका. आपण 'ज्योती' लिहिताना नुसता टी लिहितो, तेलुगू माणूस टीला एच जोडतो, म्हणून एक स्पेलिंग गेलेलं असलं तरी दुसरं कधी कधी मिळून जातं. साड्यांच्या एका दुकानदाराला ज्योतिषानं नावात तीन ए सांगितले होते. नाव लगेच मिळालं, तसं दुसरं कोण घेणार? पण पुढे फोनवर पत्ता सांगताना तो बिचारा आयुष्यभर "ए तीन बार, तीन बार" करत राहिला.

एकदा पुण्याचं एक जोडपं आलं. दोघंही कंप्युटर कंपनीत नोकरीला, बरोबर बाळ आणि नवऱ्याची आई. बारसं दोन दिवसांवर आलं होतं आणि त्यांना बाळाचं नाव इंटरनेटवर मोकळं आहे का ते बघून मगच ठेवायचं होतं. मोठा झाल्यावर त्याला लागेल, म्हणे. पाचसहा नावं बघितली, सगळी गेलेली. त्यांचं सर्वांत आवडतं नाव परदेशातल्या एका टायर कंपनीकडे निघालं. पोरगं कंटाळून रडायला लागलं. आजी त्याला खांद्यावर घेऊन म्हणाल्या, "टायरवाल्याकडे असू दे की. त्याला कोण संध्याकाळी हात-पाय धुवायला हाक मारणार आहे?" सून हसली, मुलगाही हसला, आणि तेच नाव ठेवलं. मला बारशाच्या घुगऱ्या मिळाल्या, काम काही मिळालं नाही.

आमच्या घरात नाव ही हसण्याची गोष्ट नव्हती. माझे वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले. आजोबांचं नाव दगडू. ते त्यांच्या आईबापांनी आवडीनं ठेवलेलं नव्हतं. गावात आमच्या लोकांना अशीच नावं पडायची. बौद्ध झाल्यावर वडिलांनी आम्हा भावंडांची नावं पुन्हा पुन्हा मोठ्यानं उच्चारून बघून ठरवली. ते म्हणायचे, "हाक आली की पोराला वळून बघावंसं वाटलं पाहिजे." त्यामुळे असेल, पण गिऱ्हाईक कितीही विचित्र नाव घेऊन आलं तरी मी कधी घाई केली नाही. दुकानाचे मालक म्हणायचे, "एका नावामागे तुम्ही अर्धा दिवस घालवता, अम्मा." पुढे ते मुलाकडे राहायला गेले आणि दुकान माझ्याकडे आलं, तेव्हा हे ऐकवणारंही कुणी उरलं नाही.

आता जे सांगायचं म्हणून बसले, ते सांगते.

एक दिवस दुपारी मलकपेठहून एक बाई आल्या. साठीच्या आतबाहेर, अंगावर काळा बुरखा, चेहरा उघडा, हातात भाजीची पिशवी. मागे पंचविशीतला उंच मुलगा. बाईंचं नाव रझिया. पुढे मी त्यांना आपा म्हणायला लागले. मुलगा इम्तियाज, एका छापखान्यात कंप्युटरवर लग्नपत्रिकांची मांडणी करायचा.

"ये मेरा बेटा है," आपा म्हणाल्या. "सुनता नहीं, पैदाइशी. इसकू वेबसाइट का नाम होना बोलके बहुत दिन से पीछे पडा है." इथल्या बोलीत होना म्हणजे हवं.

मी मुलाकडे बघून विचारलं, "कसलं नाव?" उत्तर आपांनीच दिलं. किती मोठं हवं, कशासाठी हवं, सगळं त्याच सांगत होत्या. इम्तियाज आधी आईकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग छताकडे. माझा भाऊ आईबरोबर बूट घ्यायला गेला की असाच बघायचा. मी कीबोर्ड उचलून त्याच्यासमोर ठेवला आणि स्क्रीन वळवली.

स्क्रीनवर नाव शोधायची रिकामी चौकट होती. त्यानं त्यात टाइप केलं, 'अम्मी बहुत बोलती है', इंग्रजी अक्षरांत, सगळं एकाला एक जोडून, आणि बटण दाबलं. क्षणभर चाक फिरलं आणि खाली हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: हे नाव उपलब्ध आहे.

मला हसू आवरेना. तोही हसला, खांदे हलवत, आवाज न करता. आपा विचारायला लागल्या, "क्या लिखा? क्या लिखा, माँ?" इथे कुणाही बाईला माँ म्हणतात. मी वाचून दाखवलं. त्यांनी त्याच्या पाठीत हलका धपाटा घातला आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. पुढचं बहुतेक आम्ही दोघंच बोललो, त्याच चौकटीत.

त्याला काय करायचं होतं ते मला तेव्हा कळलं. हैदराबादच्या बहिऱ्या लोकांच्या आपल्या अशा कितीतरी खुणा आहेत. त्यांचे व्हिडिओ करून एका जागी ठेवायचे होते. त्याच्या मित्रमंडळींत चारमिनार म्हणजे वर केलेली चार बोटं. मलकपेठ म्हणजे घोड्याचा लगाम धरलेल्या दोन मुठी, तिथल्या शर्यतींच्या मैदानामुळे. कोठी म्हणजे, इथल्या पुस्तकांच्या बाजारामुळे, पुस्तक उघडल्यासारखे तळवे आणि मग गर्दीतून वाट काढणारी दोन कोपरं. ही शेवटची खूण त्यानं माझ्या दुकानात करून दाखवली तेव्हा मी खिडकीतून खाली बघितलं. खाली सगळी माणसं तेच करत होती.

नावाबद्दल मात्र मायलेकांचं जमेना. त्याला हवं होतं हात या अर्थाचं नाव. दखनीत, म्हणजे इथल्या हैदराबादी बोलीत, एकाहून जास्त हात म्हणजे 'हाथां'. त्यानं टाइप केलं, 'हाथा'. मी म्हटलं, शेवटी एन लागेल. आपाही म्हणाल्या, "हाथां बोलते हाथां, नाक में से आता सो." त्यानं मान हलवली आणि आईच्या ओठांकडे बोट केलं. मग चौकटीत लिहिलं, 'अम्मी के मुँह पे एन नहीं है'.

तो शब्द त्यानं कानानं ऐकला नव्हता. आईच्या ओठांवर बघितला होता, आणि नाकातला उच्चार ओठांवर दिसत नाही. मी वाचून दाखवल्यावर आपांनी ते ऐकलं आणि हाताची घडी घातली. "रखने दो उसका," त्या म्हणाल्या.

'हाथा' मोकळं होतं. एवढं आखूड नाव मोकळं मिळणं म्हणजे नशीबच. मी ते लगेच त्याच्या नावावर नोंदवलं.

पुढची तीन-चार वर्षं तो येत राहिला. कधी कामासाठी, कधी छापखान्यातून जेवणाच्या सुट्टीत नुसताच. माझ्यासमोर वही होती, फोन होता, पण तो बोलायचा त्या चौकटीतच. 'दीदी आज चाय ठंडी है.' उपलब्ध. 'दीदी मेरे मालिक की शादी की पत्रिका में मालिक का ही नाम गलत छपा.' हे फार लांब पडलं, चौकटीनं घेतलं नाही. दिवसभर लोकांना "हे नाव गेलंय, तेही गेलंय" सांगून मी थकलेली असायचे, आणि हा मुलगा आला की त्याचं प्रत्येक वाक्य जगात मोकळं सापडायचं.

हळूहळू तो सगळं स्वतः शिकला. नाव दुसऱ्या एका कंपनीकडे नेलं, भाडं आपलं आपण भरायला लागला. धंदा म्हणून माझं नुकसान, पण मला बरं वाटलं. जिना चढून कुणाला विचारायची त्याला गरज उरली नाही. येणं कमी झालं. दिवाळीला एक व्हिडिओ यायचा, त्यात तो हातांनी फटाके उडवून दाखवायचा.

मग एक वर्ष व्हिडिओ आला नाही. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात आपा एकट्याच जिना चढून आल्या.

खूप वाळल्या होत्या. पाणी दिलं तर पेला हातात धरून बसल्या. "पहचाना क्या, माँ?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आपा, इम्तियाज कैसा है?"

त्यांनी मान हलवली. साधा ताप म्हणून घरीच ठेवलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत रक्तात विष भिनलं आणि तो गेला. ऐन पावसाळ्यातली गोष्ट. मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार कोण, आपल्या मुलाचे मित्र कोण हेच त्यांना नीट माहीत नव्हतं.

मग त्यांनी पिशवीतून फोन काढला. "इसमें खुलता था. अब नहीं खुलरा. देखो जरा."

'हाथा'चं पान उघडत नव्हतं. मला कारण लगेच कळलं, वर्षाचं भाडं कुणी भरलं नव्हतं. आपा बोलायला लागल्या, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा गोष्ट वेगळी निघाली.

"मेरेकू उसकी जबान नहीं आती थी," त्या म्हणाल्या. "छोटा था तब स्कूल वाले बोले, हाथां हिलाने नक्को देओ. हिलाया तो मुँह से बोलना नहीं सीखेगा बोले. मैं नहीं देती थी. बडा होके उने दोस्तां से सीख लिया, मैं नहीं सीखी. घर में हम दोनों होठां से ही चला लेते थे. खाना खाया? हौ. कब आता? देर से. इत्ताच."

मुलगा गेल्यावर त्या रोज दुपारी त्याचे व्हिडिओ बघायला लागल्या होत्या. सुरुवातीला नुसता तो दिसावा म्हणून. मग हळूहळू, तो काय म्हणतोय ते कळावं म्हणून. पाणी, भूक, रस्ता, पाऊस. एकेक खूण आरशासमोर उभं राहून करायच्या. पन्नाससाठ शब्द झाले होते.

"अब जाके थोडा समझने लगी थी, और बंद हो गया," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रडू नव्हतं. तक्रार होती, पाणी गेल्याची करावी तशी.

आता इथे पुन्हा धंद्यातलं थोडं सांगावं लागेल. भाडं संपलं की नाव लगेच जात नाही. काही दिवस मालकाला सवलत असते, तोवर नुसतं भाडं भरून ते परत मिळतं. त्यानंतर दंड भरून मिळतं. तेही दिवस उलटले की शेवटी थोडे दिवस असे येतात, की त्यात कुणालाच काही करता येत नाही. नाव नुसतं लोंबकळत राहतं आणि मग एका क्षणी मोकळं होऊन बाजारात पडतं. तो क्षण पकडायला जगभर यंत्रं टपून बसलेली असतात. आठवणीच्या सगळ्या सूचना मेलवर येतात, आणि इम्तियाजचा मेल उघडणारं कुणी नव्हतं. मी बघितलं तेव्हा 'हाथा' लोंबकळत होतं. व्हिडिओ ठेवायची भाड्याची जागा तर त्याआधीच बंद होऊन पुसली गेली होती.

मी आपांना सगळं समजावून सांगितलं. "नाव पडलं की उचलायचा प्रयत्न करू," म्हटलं. यंत्रांशी यंत्रानंच लढावं लागतं, म्हणून नावं पकडून देणाऱ्या एका कंपनीकडे मी 'हाथा' सोपवलं. मनातून मला भरवसा नव्हता. आखूड नावं यंत्रं सोडत नाहीत.

ते दिवस आपा रोज यायच्या. करण्यासारखं काही नव्हतं, तरी यायच्या. मी काम करायचे आणि त्या खुर्चीत बसून विसरायला नको म्हणून हात हलवत राहायच्या. एकदा एका गिऱ्हाइकाला वाटलं, बाई त्यालाच काही सांगतायत. तो गोंधळून उठून उभा राहिला. आपा म्हणाल्या, "बैठो बैठो, मैं बारिश बोलरी थी."

एका सकाळी मी दुकान उघडून बघितलं, तर नाव गेलेलं होतं. त्या जागी एक पान होतं, त्यावर लिहिलेलं, हे नाव विकायचं आहे. मी घेणाऱ्याला निरोप पाठवला. कुठल्या देशात बसला होता देव जाणे. मी त्याला सगळी हकीकत लिहिली. मुलगा, आई, खुणा. त्याचं उत्तर नम्र होतं आणि मागितलेला आकडा आपांनाच काय, मलाही झेपणारा नव्हता. पुढे ते नाव योगासनांच्या चटया विकणाऱ्या कुणीतरी घेतलं. इंग्रजी अक्षरांत ते हठयोगातल्या 'हठ'शी जुळत होतं, त्यांचंही चुकलं नाही.

आपांना सांगितलं तेव्हा त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. मग म्हणाल्या, "नाम गया तो जाने दो, माँ. वो नाम थोडी मेरेसे बात करता था. बच्चा दिखता था, वो होना."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की नावाच्या मागे लागून मी भलतीच वाट धरली होती. व्हिडिओ कुणाकडे तरी असणार. मी विचारलं, "मातीला त्याचे मित्र आले होते का?"

"आए थे ना. पंद्रह-बीस बच्चे. एक कोने में खडे थे. मैं क्या बोलूँ, कैसा बोलूँ. एक पोट्टी थी, यहींच कोठी में बेकरी में काम करती."

ती श्रावणी. दुसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावून बेकऱ्या शोधत फिरले. तिसऱ्या बेकरीत उस्मानिया बिस्किटांच्या ट्रेमागे एक ठसठशीत मुलगी उभी होती, आणि गिऱ्हाइकं तिला बोटांनी वजन सांगत होती. मी फोनवर 'इम्तियाज' एवढंच टाइप करून तिच्यासमोर धरलं. तिनं हातातला चिमटा खाली ठेवला.

मी सगळं लिहून सांगितलं. वाचून तिनं लिहिलं, 'अम्मी सीख रही है? सच में?' मी मान हलवली. तिनं पुन्हा वाचलं. मग लिहिलं, 'इतवार को आते हैं.'

रविवारी कोठीला गर्दी कमी असते. आपा आधीच येऊन बसल्या होत्या. जिन्यावर पावलं वाजली आणि एकामागून एक दहाबारा जणं आत आली. खुर्च्या पुरेनात, मुलं जमिनीवर बसली. माझं दुकान इतकं भरलेलं कधी नव्हतं आणि इतकं शांतही. नुसती हवा हलल्याचं जाणवत होतं. इम्तियाज नवा व्हिडिओ केला की सगळ्यांना पाठवायचा, आणि ज्याच्या त्याच्या फोनमध्ये काही ना काही होतं. एकाकडे रस्त्यांची नावं, एका मुलीकडे भाज्यांची, एकाकडे दवाखान्यात डॉक्टरला कसं सांगायचं ते. मी एकेक फोन जोडून उतरवून घ्यायला लागले. स्क्रीनवर इम्तियाज येत राहिला. निळ्या शर्टात, पांढऱ्या शर्टात, दाढी वाढलेला, हसणारा.

आपा स्क्रीन बघत होत्या, पण थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्यांचं लक्ष उडालंय. मुलं आपसात बोलताना मध्येच त्यांच्याकडे बघायची आणि एक खूण करायची. दोन बोटं स्वतःच्या हनुवटीखाली लावून चेहरा किंचित वर उचलायचा. एकानं केली, मग दुसरीनं, मग सगळे.

"मेरेपे हस रहें क्या?" आपांनी मला हळूच विचारलं.

मी श्रावणीला विचारलं. तिनं फोन घेतला, लिहिलं आणि माझ्या हातात दिला. मी वाचून दाखवलं. "ये आंटी का नाम है. हमारे में सबका एक हाथ का नाम होता है. आंटी का इम्तियाज ने रखा."

आपांनी आपली हनुवटी चाचपली. त्यांना काहीतरी आठवलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"मैं ऐसा पकडती थी उसकू," त्या म्हणाल्या. "छोटा था तब. मुँह मेरी तरफ करने के लिए. होठां देख बोलके. उने छुडाता था, रोता था, मैं नहीं छोडती थी. घंटों."  मग श्रावणीकडे बघून, तिला दिसेल असं ओठ नीट हलवत म्हणाल्या, "गुस्से से रखा क्या उने?"

श्रावणीनं ओठ वाचले.  फोनवर काही लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मी वाचलं.

"पहले गुस्से से. कॉलेज में मजाक में. बाद में ऐसा नहीं था. हम सब की माँ पीठ करके बोलती थी. रोटी बनाते हुए, कपडे सुखाते हुए. हमको पता ही नहीं चलता था कि बोल रही है. इम्तियाज बोलता था, मेरी माँ ने कभी मेरे से मुँह फेर के बात नहीं की."

मी फोन श्रावणीला परत दिला.  आपांनी दोन बोटं उचलली, हनुवटीखाली लावली आणि चेहरा वर केला. श्रावणीनं पुढे होऊन त्यांचं मनगट जरासं वळवलं. बोटं चुकीच्या बाजूनं लागली होती.

मग नावाचं काम. मी म्हटलं, शेपूट बदललं तर चालेल, म्हणजे शेवटी डॉट कॉमऐवजी डॉट इन. आणि हवं तर आता एन घालू, 'हाथां', खरा उच्चार होईल. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. उत्तर आपांनी दिलं.

"नक्को. उने मेरे होठां देखके लिखा सो नाम है. वैसाच रखो."

चौकटीत टाइप केलं. मोकळं होतं. आपांच्या नावावर नोंदवलं. भाडं भरायची आठवण आता श्रावणीला जाते, आपांना जाते आणि मलाही येते.

त्याला बराच काळ झाला. आता लोक फोनवरच आपली नावं शोधतात, आणि ते बरंच आहे. मी दुकान आठवड्यातून तीन दिवसच उघडते. काम खूप केलं, पण त्या मुलाशी एवढी वर्षं बोलून त्याच्या भाषेतला एक शब्दही मी स्वतः करायला शिकले नाही, तो माझ्यासाठी लिहायचा म्हणून. ही चुटपुट आहे. हळूहळू शिकतेय. मुलांनी मलाही नाव दिलंय. मी काम करताना अंबाड्यात पेन खोचते, म्हणून एक बोट डोक्यामागे टोचायचं, झाली प्रज्ञा.

आपा हल्ली रविवारी मलकपेठेत आपल्या घरी तान्ह्या, बहिऱ्या मुलांच्या आयांना बोलावतात. कुणी मराठी, कुणी तेलुगू, जास्त करून मोहल्ल्यातल्या. बाया येतात तेव्हा घाबरलेल्या असतात. आपा आधी चहा देतात, मग म्हणतात, "हाथां खुले रखो. मुँह भी सामने रखो. दोनों होना."

मागच्या महिन्यात त्यांचा पहिला व्हिडिओ केला. फोन मी धरला होता आणि समोर श्रावणी उभी होती. आयांसाठीचा व्हिडिओ, सुरुवातीला आपलं नाव सांगायचं. आपांनी नवी ओढणी घेतली होती. ती खूण करताना मध्ये आली, म्हणून पहिल्यांदा थांबवलं. दुसऱ्यांदा त्या खूण करता करता तोंडानंही बोलायला लागल्या, श्रावणीनं हसून थांबवलं. तिसऱ्यांदा त्या सरळ फोनकडे बघत राहिल्या आणि दोन बोटांनी आपली हनुवटी उचलून आपलं नाव सांगितलं. मग छातीवर हात ठेवून सांगितलं, इम्तियाजची आई.

"दिखा क्या बराबर?" त्यांनी मला विचारलं.

"दिखा, आपा," मी म्हटलं.